परदेशी सेवेकरी : आगमन आणि रुळणे

परदेशातून सेवेसाठी आदिलाबाद जिल्ह्यात येणाऱ्या माणसाने नागपूरला उतरावे. हैदराबाद ही तेलंगणाची राजधानी खरी, पण ती तीनशे किलोमीटरवर आहे. नागपूर दोनशेच्या आतबाहेर. संस्थेच्या पत्रावर ‘तेलंगणा’ छापलेले असते, म्हणून सेवेकरी विमानात तेलुगूची पाच-सहा वाक्ये घोकत येतो. पांढरकवड्याला चहासाठी गाडी थांबते आणि त्या वाक्यांचा काहीही उपयोग होत नाही. पुढे पैनगंगेचा पूल ओलांडला की पाट्यांवरचे अक्षर गोल होते. आता तरी तेलुगू चालेल या आशेने तो आदिलाबादच्या टपरीवर तोंड उघडतो, आणि टपरीवाला त्याला मराठीत विचारतो, “साखर कमी टाकू का?”

याला कारण इतिहास आहे. निजामाच्या राज्यात असताना या जिल्ह्यात किनवट आणि राजुऱ्याचा मुलूखही होता. १९५६ साली भाषावार वाटणी झाली, तेव्हा हे दोन तालुके मुंबई राज्यात गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. बेला, जैनद, नारनूर, भैंसा या भागांतले मराठी बोलणारे लोक कुठेच गेले नाहीत. सीमाच त्यांच्या अंगावरून पलीकडे गेली. जिवती आणि केरामेरीच्या मधल्या डोंगरात तर चौदा गावे अशी आहेत की त्यांच्यावर दोन्ही राज्ये हक्क सांगतात. तिथल्या माणसांची नावे दोन्हीकडच्या मतदारयादीत असतात आणि रेशनही दोन्हीकडून येते. या गावांना परदेशाचे अप्रूप फारसे वाटत नाही.

सेवेकऱ्याच्या सामानाबद्दल थोडे. भारत हा उष्ण देश आहे, हे युरोपातल्या माणसाने शाळेत शिकलेले असते. त्यामुळे तो डिसेंबरात सुती सदरे आणि उन्हाची टोपी घेऊन येतो. आदिलाबादच्या बाबतीत हे ज्ञान मे महिन्यापुरते अचूक आहे. तेव्हा पारा पंचेचाळिशी गाठतो आणि कुत्रीसुद्धा दुपारी सावली सोडत नाहीत. पण तेलंगणात थंडीच्या लाटेची बातमी आली की त्यात पहिले नाव आदिलाबादचे असते. पहिल्या आठवड्यात सेवेकरी ज्याची सेवा करायला आला आहे त्याच्याच घरून घोंगडी मागून नेतो. त्याला हा आपला पराभव वाटतो. गावाच्या दृष्टीने मात्र ओळखीची सुरुवात इथून होते, कारण घोंगडी परत करायला तो नक्की येणार असतो.

कागदपत्रांचा विषय रुक्ष आहे, पण टाळता येत नाही. सध्याच्या नियमांप्रमाणे पर्यटक व्हिसावर फार तर एक महिना बिनपगारी सेवा करता येते. त्याहून जास्त काळ करायची तर नोकरीचा व्हिसा घ्यावा लागतो. म्हणजे पगार न घेता काम करणाऱ्याला आपण नोकर आहोत हे आधी सिद्ध करावे लागते. मुक्काम १८० दिवसांच्या वरचा असेल, तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयात हजेरी लावायची. तरीही आजच्या सेवेकऱ्याने तक्रार करू नये. या जिल्ह्यात येऊन रुळलेल्या सर्वांत नामांकित परदेशी माणसाकडे जे कागद होते, ते यापेक्षा फारच वाईट होते.

हा माणूस म्हणजे क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ. जन्म व्हिएन्नाचा, १९०९ सालचा, व्यवसाय मानववंशशास्त्र. १९३६ मध्ये ते पहिल्यांदा भारतात आले आणि नागा टेकड्यांत कोन्याक नागांमध्ये राहिले. १९३८ साली त्यांनी बेटी बर्नार्डो या इंग्रज तरुणीशी लग्न केले. त्याच वर्षी हिटलरने ऑस्ट्रिया गिळली आणि हायमेनडॉर्फ यांच्या खिशातला पासपोर्ट जर्मन झाला. १९३९ साली महायुद्ध पेटले तेव्हा नवराबायको भारतातच होते. इंग्रज सरकारच्या लेखी हा गृहस्थ आता शत्रूराष्ट्राचा नागरिक होता. अटक करणे भाग होते, आणि करणारे अधिकारी ओळखीचे, बरोबर जेवलेले. त्यामुळे अटक अतिशय अदबीने, जवळजवळ माफी मागतच झाली. शिक्षा अशी ठरली की युद्ध संपेपर्यंत हैदराबाद संस्थानाबाहेर पाऊल टाकायचे नाही.

मानववंशशास्त्रज्ञाला डोंगर आणि जंगलांनी भरलेल्या संस्थानात डांबणे म्हणजे मांजराला दुधाच्या खोलीत कोंडणे. हायमेनडॉर्फ यांनी आधी चेंचू, मग गोदावरीकाठचे कोंडा रेड्डी अशी संस्थानातली जंगले पालथी घातली आणि पुढे ते आदिलाबादच्या राजगोंडांकडे वळले. एखाद्या माणसाने कैद इतकी मनापासून भोगल्याचे उदाहरण विरळा.

आदिलाबादला येण्याची वेळ मात्र सुखाची नव्हती. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात गोंडांच्या बंडाचे पुढारी कुमरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले होते. जंगलखात्याने राखीव जंगलाच्या रेषा आखताना गोंडांच्या पिकत्या जमिनी आणि वसती गावे रेषेच्या आत टाकली होती. तिथून माणसे उठवली गेली, आणि जी उरली ती जंगलखाते, पटवारी आणि सावकार या तिघांच्या कात्रीत सापडली. बंड आधी मोडले; ते का झाले, हा प्रश्न सरकारला नंतर पडला. सरकारांचा क्रम साधारण असाच असतो. संस्थानचे महसूलमंत्री विल्फ्रिड ग्रिगसन हे बस्तरच्या माडिया गोंडांवर पुस्तक लिहिलेले गृहस्थ होते. हायमेनडॉर्फ यांच्यासारख्या माणसाचा उपयोग त्यांना चटकन उमगला.

आता गावाच्या बाजूने पाहावे. नुकताच गोळीबार झालेला. पँट घातलेला माणूस दिसला की तो जंगलखात्याचा किंवा पोलिसांचा, हे लहान पोरालाही ठाऊक. अशा मुलखात एक गोरा साहेब सरकारी परवानगीने, वही-पेन्सिल घेऊन येतो आणि म्हणतो, मला तुमच्यात राहायचे आहे. गावाने काय समजावे? पहिले काही दिवस अशा माणसाला गावात म्हातारी माणसे, तान्ही मुले आणि कोंबड्या एवढेच भेटतात. बाकीच्यांना नेमकी त्याच आठवड्यात जंगलात फार कामे निघतात. हा अनुभव आजच्या सेवेकऱ्यालाही येतो. फक्त आता त्याला हळू आवाजात विचारले जाते, “कोणत्या डिपार्टमेंटचे?” कोणत्याच नाही, असे उत्तर दिले तर संशय दुप्पट होतो.

हायमेनडॉर्फ दांपत्याने मुक्कामासाठी मारलवाई हे गाव निवडले. आजच्या जैनूर मंडळातले, डोंगरावरचे लहानसे गोंड गाव. जवळचे रेल्वे स्टेशन आसिफाबाद रोड. आणि ज्या स्टेशनच्या नावात ‘रोड’ असतो ते गावात नसते, हे मराठी प्रवाशाला सांगायला नको. तिथून पुढे बैलगाडी, घोडा किंवा स्वतःचे पाय. उटनूरचा सगळा पट्टा मलेरियासाठी बदनाम होता; तिकडे बदली झालेले सरकारी नोकर आधी रजेचा अर्ज लिहीत. या दोघांनी तिथे गावातल्या घरांसारखेच कुडाचे, गवताने शाकारलेले घर बांधून घेतले आणि बंगल्याचा हट्ट धरला नाही.

कुडाच्या घराचा मोठा गुण म्हणजे त्यात खाजगी असे काही उरत नाही. साहेब काय खातो, बाई केस कशाने विंचरते, दोघे भांडतात का आणि भांडण कोण आधी मिटवते, हे सगळे गावाला भिंतीतून कळते. मानववंशशास्त्रात याला सहभागी निरीक्षण म्हणतात. फरक इतकाच की पहिले काही महिने निरीक्षण गाव करते. बेटीबाई नवऱ्याची पाहुणी म्हणून राहिल्या नाहीत. बायकांमध्ये बसणे आणि टिपणे काढणे हे त्यांचे काम नवऱ्याच्या बरोबरीचे होते, आणि पुढे १९७९ मध्ये आलेल्या ‘द गोंड्स ऑफ आंध्र प्रदेश’ या पुस्तकावर दोघांचीही नावे आहेत. परदेशी सेवेकऱ्याला एकट्याने जे घर उघडत नाही, ते बायको बरोबर असली की उघडते. लग्न झालेला माणूस पळून जाण्याची शक्यता कमी, असा गावाचा हिशेब असतो.

भाषेचा प्रश्न आदिलाबादेत एका भाषेचा नसतो. गोंडाच्या घरात गोंडी, शेजारच्या पाड्यावर कोलामी, बाजारात मराठी, मोटार दुरुस्त करणाऱ्याकडे दखनी, आणि कचेरीत त्या काळी उर्दू, आता तेलुगू. गावातला निरक्षर म्हातारा यातल्या चार भाषांत बैलाचा सौदा करतो, आणि परदेशी पदवीधर एका भाषेच्या व्याकरणाशी वर्षभर झटतो. हायमेनडॉर्फ गोंडी शिकले. आजचे सेवेकरी मोबाइलवरून हिंदी शिकून येतात आणि आश्रमशाळेतला मुलगा त्यांना इंग्रजीत उत्तर देतो, कारण त्याला इंग्रजीचा सराव हवा असतो. सगळ्यांना चालणारा शब्द एकच, “राम राम.” तेवढ्यावर एक पूर्ण दिवस निघतो.

भाषेपेक्षा अवघड भाग नात्याचा. राजगोंड समाज चार, पाच, सहा आणि सात देवांच्या सगांमध्ये विभागलेला आहे. एका सगातली माणसे एकमेकांची भाऊबंद, दुसऱ्या सगातली सोयरी. समोरचा माणूस भाऊ आहे की मेहुणा हे ठरल्याशिवाय त्याच्याशी थट्टा करायची की आदराने बोलायचे, हेच कळत नाही. त्यामुळे कोणत्याही सगात न बसणारा माणूस ही गावाची अडचण असते. ती सोडवण्याचा मार्ग गावानेच काढायचा असतो, सेवेकऱ्याने सुचवायचा नसतो. हायमेनडॉर्फ यांच्या मुलाला मारलवाईकर लच्छू पटेल म्हणत. युरोपी पित्याच्या मुलाला पटेलकी मिळाली म्हणजे नात्याचे काम बऱ्यापैकी मार्गी लागले म्हणायचे.

नव्याने येणाऱ्याला सामावून घेण्याची रीत गोंडांकडे चांगली पक्की आहे, आणि ती सुनांसाठी आहे. इंद्रवेल्ली मंडळातल्या केस्लापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. देव मेसराम कुळाचा. त्याच्यासाठी गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात. त्या वर्षी कुळात लग्न होऊन आलेल्या सुना पांढरी वस्त्रे नेसून, डोक्यावरून तोंडभर पदर ओढून ओळीने येतात आणि थोरांच्या हस्ते नागोबाला भेटवल्या जातात. या विधीला भेटिंग म्हणतात. तो झाल्याशिवाय सून कुळाची पूर्ण माणूस मानली जात नाही. सुनेला हे एका रात्रीत साधते. परदेशी माणसासाठी असा विधी नसल्यामुळे त्याचे भेटिंग वर्षानुवर्षे चालू राहते.

ते संपते कशाने, हे पाहण्यासारखे आहे. संध्याकाळी कुणीतरी सेवेकऱ्याच्या दारात येऊन बसतो. तंबाखू मळतो. पाऊस कसा लांबला, बैलाला खुरकूत कशी झाली, धाकट्याला ताप कसा येतो, हे सगळे सावकाश बोलून होते. मग तो उठतो, चपला पायात सरकवतो, दोन पावले जातो आणि वळून म्हणतो, “एक जमिनीचं होतं.” कमरेच्या कापडातून घडी घालून घालून मऊ पडलेला एक कागद निघतो. त्या कागदावर काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नाही, आणि ज्याला वाचता येते तो पटवारी खरे सांगत नाही. या क्षणी सेवेकऱ्याचे मूळ काम, मग ते मानववंशशास्त्र असो, इंग्रजी शिकवणे असो की सौर दिवे वाटणे असो, समाप्त होते. यापुढे तो गावाचा अर्जनवीस. त्याला रुळणे म्हणतात.

हायमेनडॉर्फ यांचे हेच झाले. गोंडांचे सण, दैवते आणि कथा टिपायला आलेला विद्वान पट्ट्यांच्या मागे लागला. त्यांचे ‘द राजगोंड्स ऑफ आदिलाबाद’ हे पुस्तक १९४८ साली आलेच, पण त्याआधी १९४५ मध्ये ‘ट्रायबल हैदराबाद’ हा चार अहवालांचा संग्रह निघाला, आणि त्यात ढेमशाच्या नाचापेक्षा सातबाऱ्याची काळजी जास्त आहे. पुढे ते निजाम सरकारचे आदिवासी व मागास वर्गांविषयीचे सल्लागार झाले. शत्रूराष्ट्राचा कैदी ते सरकारचा सल्लागार, इतकी बढती कोणत्याही खात्याच्या सेवानियमांत बसत नाही. त्या वर्षांत जिल्ह्यातल्या आदिवासींच्या नावे सुमारे १ लाख ६० हजार एकर जमिनीचे पट्टे झाले.

शाळेची कथाही याच वळणाची. १९४३ साली मारलवाईला गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र सुरू झाले. शिक्षक गोंडच हवेत असे ठरले. मग अक्षरओळख असलेले गोंड शोधण्याची मोहीम निघाली. जे थोडे मिळाले त्यांची अक्षरओळख मराठीची होती. म्हणून गोंडीची पहिली पाठ्यपुस्तके देवनागरीत छापली गेली आणि गोंडीच्या पाठोपाठ शाळेत मराठी आली. म्हणजे व्हिएन्नाच्या जर्मनभाषक पंडिताने, उर्दूत कारभार चालणाऱ्या निजामाच्या पैशाने, गोंडी मुलांसाठी बाळबोध लिपीत पुस्तके काढली. यात मराठी माणसाने विशेष काही केले नाही, हे नमूद करायला हवे.

ज्या मराठी माणसाने केले त्याचे नाव सेतुमाधवराव पगडी. मराठी वाचक त्यांना शिवकालाचे इतिहासकार म्हणून ओळखतात. निलंग्यात जन्मलेले पगडी हैदराबादच्या मुलकी सेवेत होते, आणि गोंडांमधल्या कामासाठी ते आदिलाबादेत राहिले. ते गोंडी आणि कोलामी शिकले, गोंडीचे व्याकरण लिहिले, ‘जीवनसेतू’ हे आत्मचरित्रही लिहिले. तिकडे बदली होताच रजेवर न जाता व्याकरण लिहिणारा अधिकारी परदेशी सेवेकऱ्याइतकाच दुर्मीळ मानावा.

पैनगंगा आणि वर्धेच्या अलीकडे, वरोऱ्याला, परदेशी सेवेकऱ्यांचा आणखी एक उपयोग झाला. बाबा आमट्यांच्या आनंदवनात १९५० च्या दशकात ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’चे स्वयंसेवक अनेक देशांतून आले आणि त्यांनी तिथे दवाखान्याच्या भिंती उभ्या केल्या. कुष्ठरोग्यांनी पिकवलेली भाजी त्या वेळी वरोऱ्यात कुणी घेत नसे. एवढे गोरे लोक तिथे राहतात, तिथलेच जेवतात आणि ठणठणीत परत जातात, हे पाहून गावाची भीती ओसरायला मदत झाली. भाजी तीच होती. ती कुणाच्या पोटात गेली याने फरक पडला.

पुन्हा आदिलाबादकडे वळू. गोंडांना सरकारी कचेरीत जायची धास्ती वाटते हे ओळखून हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात कचेरीच जत्रेत आणली. केस्लापूरला नागोबासमोर दरबार भरू लागला. अधिकाऱ्यांनी यावे, लोकांनी गाऱ्हाणे सांगावे. देव शेजारीच असल्याने खोटे आश्वासन देताना अधिकाऱ्याला निदान थोडा विचार करावा लागेल, अशी सोय त्यात होती. दरबार अजून भरतो. मंडप, खुर्च्या, ध्वनिक्षेपक आणि हारतुरे यांत मधल्या काळात बरीच प्रगती झाली आहे.

सेवेकऱ्यांशिवाय या जिल्ह्यात येऊन रुळलेले आणखी एक प्रकारचे लोक आहेत, आणि त्यांची संख्या कितीतरी मोठी आहे. स्वातंत्र्यानंतर रस्ते झाले, मलेरिया हटला आणि काळ्या जमिनीत कापूस उत्तम येतो हे सगळीकडे कळले. गावोगावचे, मराठवाड्यातलेही, लोक आले. त्यांना गोंडी शिकावी लागली नाही, सगा शोधावा लागला नाही, घोंगडी मागावी लागली नाही. ते दुकान टाकून बसले, उधारी दिली, आणि उधारीत जमीन घेतली. आदिवासींची जमीन इतरांना घेता येऊ नये म्हणून कायदे होते. १९७० साली ते आणखी कडक झाले. हायमेनडॉर्फ तोवर लंडनला प्राध्यापक झाले होते. १९७० च्या दशकात ते परत आले तेव्हा स्वतःच्या डोळ्यांदेखत झालेले कितीतरी पट्टे दुसऱ्यांच्या ताब्यात गेलेले त्यांनी पाहिले. १९८२ च्या ‘ट्राइब्ज ऑफ इंडिया’ या पुस्तकाचा सूर त्यामुळे कडू आहे. याच काळात, २० एप्रिल १९८१ रोजी, इंद्रवेल्लीत जमिनीच्या प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. तो भाग विनोदी लेखाचा नाही.

सेवेकरी परत जातो, हा त्याचा मुख्य दोष गावाने कधीच माफ केलेला नसतो. तीन महिन्यांच्या सेवेनंतर निरोपसमारंभ होतो, डोळे पाणावतात, ‘पुन्हा येईन’ असे वचन दिले जाते. गाव ते वचन ऐकून घेते, तसे ते निवडणुकीतलेही ऐकते. बेटीबाई १९८७ च्या ११ जानेवारीला हैदराबादेत वारल्या, आणि त्यांची समाधी मारलवाईत बांधली गेली. हायमेनडॉर्फ १९९५ साली लंडनमध्ये गेले. २०१२ मध्ये त्यांच्या अस्थी मुलाने मारलवाईला आणून आईच्या शेजारी ठेवल्या. दर ११ जानेवारीला तिथे गोंड जमतात आणि अधिकारीही येतात. गावाला दुसरेही पाहुणे मिळाले: मारलवाईचेच गुसाडी नर्तक कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि दिल्लीपासूनची माणसे पत्ता विचारत आली.

२०१६ च्या ऑक्टोबरात जिल्ह्याचे तुकडे झाले. जैनूर मंडळ, आणि त्याबरोबर मारलवाई, कुमरम भीम यांच्या नावाच्या नव्या जिल्ह्यात गेले. केस्लापूर आदिलाबादेतच राहिले. दरबार तिथे जत्रेच्या दिवसांत भरतो; गाऱ्हाणे घेऊन जाणाऱ्याने अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय उठू नये.